एअरसॉफ्टची गोळी हवेत तरंगते कशी? वाकडी बंदूक झाडणाऱ्या बेंजामिन रॉबिन्सची गोष्ट

एअरसॉफ्ट रायफल अपग्रेड करायचे व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फीडमध्ये येत असतील. दिसायला हुबेहूब खरी, पण प्लास्टिकच्या ६ मिलिमीटरच्या गोळ्या मारणारी ही खेळातली बंदूक. व्हिडिओतला माणूस गिअरबॉक्स उघडतो, स्प्रिंग बदलतो, आतली नळी काढून थोडी अरुंद नळी बसवतो, हॉप-अपचं रबर नवं टाकतो आणि शेवटी क्रोनोग्राफसमोर चार-पाच गोळ्या झाडून वेग बघतो. मी हे व्हिडिओ जेवताना लावतो, का ते विचारू नका.

एकदा मात्र हॉप-अप नक्की कसं चालतं हे समजून घ्यायला बसलो आणि शोधता शोधता १७४० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये पोचलो. तिथे बेंजामिन रॉबिन्स नावाचा एक माणूस मुद्दाम वाकवलेल्या बंदुकीने कागदाच्या पडद्यांवर गोळ्या झाडत होता. क्रोनोग्राफची मूळ कल्पनाही त्याचीच निघाली. आणि तो वारला आपल्या देशात, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. हे तिन्ही मला आधी माहीत नव्हतं, म्हणून हा लेख.

रॉबिन्सचा जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची आणि आईवडील क्वेकर, म्हणजे युद्ध आणि हत्यारांना ठाम विरोध करणाऱ्या पंथातले. अशा घरातला मुलगा पुढे तोफगोळ्यांचं गणित मांडतो, हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. गणित तो बरंचसं स्वतःच शिकला. त्याची हुशारी पाहून ओळखीच्यांनी त्याला लंडनला जायला सुचवलं. तिथे त्याने न्यूटनच्या एका गणिती विधानाची सिद्धता लिहिली आणि १७२७ मध्ये, जेमतेम विशीत, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पोटापाण्यासाठी तो खाजगी शिकवण्या घ्यायचा. पंथाचे नियम आणि पेहराव त्याने हळूहळू सोडले.

तोंडाळ म्हणावा असाही होता. १७३९ मध्ये त्याने ऑयलर या त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञाच्या पुस्तकावर टीका छापली. त्याच सुमारास पंतप्रधान वॉलपोलच्या धोरणाविरुद्ध पत्रकंही लिहिली. १७४१ मध्ये वुलिचला लष्करी अकादमी सुरू झाली तेव्हा तिथल्या प्राध्यापकाच्या जागेसाठी त्याने प्रयत्न केला, पण जागा दुसऱ्यालाच मिळाली. राजकारण आडवं आलं असं मानलं जातं. नोकरी गेली, पण त्या निमित्ताने केलेली तयारी त्याने पुस्तक करून १७४२ मध्ये छापली. तोफखान्याच्या नव्या तत्त्वांवरचं ते पुस्तक छोटंसंच होतं.

आता जरा क्रोनोग्राफकडे वळू. आजच्या क्रोनोमध्ये दोन प्रकाश-सेन्सर असतात. गोळी पहिल्यासमोरून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली ते मोजायचं आणि अंतराला वेळाने भागायचं. ०.२० ग्रॅमची गोळी १ ज्यूल ऊर्जेने सुटली तर वेग येतो सेकंदाला १०० मीटर, म्हणजे साधारण ३२८ फूट. पण १७४० मध्ये सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ कुठून आणायचं?

रॉबिन्सने वेळ मोजायचा नादच सोडला. त्याने साधारण २५ किलोचा, समोर लाकूड लावलेला लोखंडी ठोकळा तिकाटण्याला लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी झाडली. गोळी लाकडात रुतते, ठोकळा मागे झोका घेतो. ठोकळ्याला बांधलेली फीत किती ओढली गेली त्यावरून झोका किती मोठा ते कळतं. झोक्यावरून ठोकळ्याचा वेग काढायचा, मग संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावायचा. अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण हेच गणित करतो, फक्त ते कोणासाठी केलं होतं हे कोणी सांगत नाही. ३८ ग्रॅमची मस्केटची गोळी सेकंदाला १६५० फुटांनी आली, तर तो जड ठोकळा सरकतो सेकंदाला अडीच फुटांच्या आसपास. म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही असा वेग त्याने आपल्या चालण्यापेक्षाही हळू करून टाकला. मोजपट्टीचं काम राहिलं. डिबगिंग करताना आपण प्रोग्रॅम मुद्दाम हळू चालवतो ना, तसंच काहीसं.

मग त्याने ठोकळा लांब लांब नेऊन त्याच बंदुकीने गोळ्या झाडल्या. जेवढं अंतर जास्त तेवढा वेग कमी. तोपर्यंत तोफखान्याच्या पुस्तकांत गॅलिलिओचा पॅराबोला वापरत. हवा म्हणजे काहीच नाही असं धरून. रॉबिन्सच्या मोजमापात हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या शंभर पटींहून जास्त निघाला. पॅराबोलाच्या हिशोबाने जो तोफगोळा १६ मैल जायला हवा, तो प्रत्यक्षात ३ मैलही जात नाही, हे त्याने मांडलं. आवाजाच्या वेगाजवळ हा विरोध एकदम वाढतो, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. एअरसॉफ्टच्या गोळीचा मी हिशोब करून पाहिला: नळीतून बाहेर पडताना तिच्यावर वजनाच्या ३५ ते ४० पट विरोध येतो. म्हणूनच कडक स्प्रिंग टाकून वेग वाढवला तरी पल्ला त्या मानाने वाढत नाही. ऊर्जेची मर्यादा मात्र ओलांडली जाते आणि मैदानावर घेत नाहीत.

पल्ला वाढतो तो हॉप-अपने. नळीच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूने रबराचा एक छोटा उंचवटा आत आलेला असतो. गोळी निघताना वरून त्याला घासते, त्यामुळे ती उलटी गरगरत बाहेर पडते, म्हणजे वरची बाजू मागे फिरते आणि खालची पुढे. अशी गोळी हवेला खाली ढकलते आणि स्वतः वर उचलली जाते. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, फिरकी वर धरते, आणि गोळी बराच वेळ सरळ जात राहते. डायल जास्त फिरवली तर मध्येच आकाशाकडे वळते. टॉपस्पिन टाकलेला चेंडू अचानक बुडतो, त्याची ही उलटी बाजू.

रॉबिन्सला वेगळंच कोडं पडलं होतं. एकच बंदूक पक्की आवळून ठेवली, नेम तोच, दारू तेवढीच, तरी गोळी कधी डावीकडे जाते, कधी उजवीकडे. त्याचं म्हणणं असं की नळीत घासून गोळीला फिरकी मिळते आणि ती फिरकी दर वेळी वेगळी असते. हे सिद्ध कसं करायचं? त्याने मस्केटची नळी तोंडाजवळ थोडी डावीकडे वाकवली. आता गोळी उजव्या भिंतीला घासणारच, म्हणजे फिरकी कुठल्या बाजूची असेल ते आधीच ठरलं. पुढे अंतराअंतरावर कागदाचे पडदे लावले आणि छिद्रं मोजली. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, जशी जायला हवी होती. मग हवेत वळली आणि उजवीकडे आली! नळी एकीकडे वाकलेली आणि गोळी दुसरीकडे. घासणारी बाजू उजवी, वळणही उजवीकडे. नळी मनातल्या मनात पाव फेरा फिरवा, घासणारी बाजू वर आणा, की तुमच्यासमोर हॉप-अप तयार आहे.

फरक एवढाच की रॉबिन्सला ही फिरकी नको होती. त्याचा उपाय होता नळीला आतून पीळदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी आपल्या जायच्या दिशेभोवतीच फिरेल आणि भरकटणार नाही. रायफलच्या खाचा आधीपासून माहीत होत्या, पण त्या का चालतात हे त्याने हवेच्या भाषेत सांगितलं. अंड्याच्या आकाराची गोळी चांगली जाईल हेही सुचवलं, आणि जो देश आधी रायफली स्वीकारेल तो युद्धात वरचढ ठरेल असं भाकीत केलं. ब्रिटिश सैन्यात सर्वांच्या हाती रायफल यायला त्यानंतर शंभरेक वर्षं गेली.

१७४५ मध्ये त्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर झालं. भाषांतरकार कोण, तर ऑयलर, ज्याच्यावर रॉबिन्सने टीका केली होती तोच. ऑयलरने मन मोठं करून कौतुक केलं आणि मूळ पुस्तकाहून मोठ्या टिपा जोडल्या. ही टिपांसह आवृत्ती पुढे फ्रेंचमध्ये गेली आणि तरुण नेपोलियनने तोफखान्याचं शिक्षण घेताना तिचा अभ्यास केला. पण फिरकीची गोष्ट मात्र ऑयलरला पटली नाही. गोळी पुरती गोल नसेल म्हणून वळत असेल, असं त्याचं मत पडलं. ऑयलरने नाही म्हटल्यावर रॉबिन्सचं कोण ऐकणार? १८५२ मध्ये बर्लिनच्या माग्नुसने तोफगोळे का भरकटतात हे शोधताना तोच परिणाम पुन्हा दाखवला, आणि पाठ्यपुस्तकात नाव लागलं मॅग्नस इफेक्ट. एअरसॉफ्टचे व्हिडिओवालेही हेच नाव घेतात. मला हे अजून खटकतं. प्रयोग शंभर वर्षं आधी झालेला होता.

१७४६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. पैसा मात्र विज्ञानात नव्हता. १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला भारतातले किल्ले दुरुस्त करायच्या कामावर मुख्य अभियंता म्हणून नेमलं. मद्रास १७४६ मध्ये फ्रेंचांनी घेतलं होतं आणि नुकतंच तहात परत मिळालं होतं, त्यामुळे कंपनी घाबरलेली होती. तो १७५० च्या जुलैमध्ये इथे उतरला, मद्रास आणि कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडचे आराखडे करू लागला. दोन महिन्यांत ताप आला, त्यातून उठला, पुन्हा कामाला लागला, पण तब्येत सावरली नाही. २९ जुलै १७५१ रोजी फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये कंपनीसाठी अहवाल लिहीत असतानाच तो वारला. वय चाळिशीच्या थोडं पुढे.

तो किल्ला १७५८ मध्ये फ्रेंचांनी जिंकून पाडून टाकला. रॉबिन्सचे निबंध १७६१ मध्ये लंडनला दोन खंडांत छापले गेले. नळीत फिरणाऱ्या गोळ्यांवरचं त्याचं लिखाण त्यात आहे.