टुणटुण नावाची उमादेवी

स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हणून बसले आणि शाळेतलं पहिलं काय आठवलं, तर माझं टोपणनाव. आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना माझं हजेरीपटावरचं नाव आठवायला आजही दोन मिनिटं लागतील, पण टुणटुण म्हटलं की सगळे माझ्याकडेच बोट दाखवतील. आपण सातवीत होतो. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर एक जुना हिंदी चित्रपट लागला आणि सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहीपर्यंत माझं बारसं होऊन गेलेलं होतं. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत ते नाव टिकलं. मी हसायचे, कारण न हसणाऱ्याला जास्त चिडवतात हे मला लवकर कळलं होतं. आजी मात्र म्हणायची की टुणटुणीत असणं चांगलंच, आणि ताटात आणखी एक पोळी वाढायची.

हा तक्रारीचा लेख नाही. ते नाव जिचं होतं, तिची गोष्ट आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हती, मलाही नाही. ती सांगण्यासाठी हा लेख आहे.

नोकरीला लागल्यावर एकदा रात्रभर जागून सॉफ्टवेअरमधली एक चूक शोधत होते. झोप येऊ नये म्हणून जुनी गाणी लावली होती. १९४७ सालच्या ‘दर्द’मधलं, अफसाना लिहिणाऱ्या नायिकेचं ते प्रसिद्ध गाणं लागलं. माझ्या आईचं आवडतं गाणं, मी लहानपणापासून ऐकलेलं. गायिका कोण म्हणून पाहिलं, तर नाव होतं उमादेवी. आणि उमादेवी म्हणजेच पुढे झालेली टुणटुण, हे वाचून हातातलं काम तसंच राहिलं.

तिचं मूळ नाव उमादेवी खत्री. जन्म ११ जुलै १९२३, उत्तर प्रदेशात अमरोहाजवळच्या एका खेड्यात. जमिनीच्या वादात तिच्या आईवडिलांचा खून झाला तेव्हा ती इतकी लहान होती की त्यांचे चेहरेही तिला नीट आठवत नसत. पुढे एकुलत्या भावालाही मारलं गेलं. नातेवाइकांच्या घरी ती वाढली. वाढली म्हणजे दोन वेळच्या जेवणापोटी घरकामाला राबली. गाणं शिकवायला कोणी नव्हतं. जे कानावर पडे ते ती उचलायची, आणि मोठं झाल्यावर मुंबईला जाऊन सिनेमात गायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

विशीतच ती घर सोडून एकटी मुंबईला आली. चाळिशीच्या दशकातली, ना ओळख, ना पैसा, ना तालीम असलेली मुलगी. संगीतकार नौशाद यांच्या दारात जाऊन तिने काम मागितलं आणि संधी मिळाली नाही तर समुद्रात उडी घेईन असं बजावलं, ही गोष्ट चित्रपटसृष्टीत अजून सांगितली जाते. नौशाद यांनी तिचा आवाज ऐकला आणि ए. आर. कारदार यांच्या संस्थेत तिला घेतलं. मग ‘दर्द’ आला. त्यात सुरैयाही गात होती, म्हणजे स्पर्धा सोपी नव्हती. तरीही मुनव्वर सुलतानावर चित्रित झालेलं उमादेवीचं गाणं देशभर वाजलं. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांनी ‘चंद्रलेखा’ या भव्य चित्रपटात तिच्याकडून सात गाणी गाऊन घेतली. अख्तर अब्बास काझी यांच्याशी तिचं लग्न झालं, संसार सुरू झाला, चार मुलं झाली.

आणि गाणं थांबलं. त्या काळात पार्श्वगायनाची पद्धतच बदलत होती. लता मंगेशकर आणि त्यांच्या मागोमाग आशा भोसले आल्या. त्यांचा आवाज तिन्ही सप्तकांत सहज फिरत होता, आणि संगीतकारही आता तशाच चाली बांधू लागले. उमादेवीचा आवाज जुन्या वळणाचा, ठरावीक पट्टीत खुलणारा. कामं कमी होत गेली. ज्या एका गोष्टीसाठी घर सोडलं, ती चार-पाच वर्षांत हातातून निसटली. आमच्या क्षेत्रात एखादी संगणकभाषा मागे पडते आणि ती उत्तम येणारा माणूस एका वर्षात बिनकामाचा ठरतो, ते मी जवळून पाहिलं आहे. चूक कोणाचीच नसते, म्हणून राग तरी कोणावर काढायचा?

पुन्हा वाट दाखवली ती नौशाद यांनीच. ती बोलताना समोरचे हसून बेजार होत. तू अभिनय कर, असं त्यांनी सुचवलं. तिची अट एकच होती, पहिलं काम दिलीपकुमारबरोबर हवं. १९५० सालच्या ‘बाबूल’मध्ये ती अट पूर्ण झाली. टुणटुण हे नावही दिलीपकुमार यांनीच दिलं असं सांगतात. त्या चित्रपटात नर्गिसबरोबर दुसरी नायिका कोण होती, तर मुनव्वर सुलताना. तीन वर्षांपूर्वी जिच्या ओठांवर आपला आवाज होता, तिच्याच चित्रपटात आता उमादेवी लोकांना हसवायला उभी होती. तिला त्या दिवशी काय वाटलं असेल, या विचारावर मी बराच वेळ अडकले होते.

पुढची चाळीस वर्षं ती हसवत राहिली. गुरुदत्त यांच्या ‘आरपार’मध्ये, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये ती आहे. ‘प्यासा’त तर ती नायकाची कॉलेजमधली जुनी मैत्रीण पुष्पलता आहे; माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असलेला तो चित्रपट आपल्या या अंकात आठवायलाच हवा. भगवानदादा, धुमाळ, मुक्री, आगा, जॉनी वॉकर अशा सगळ्यांसमोर ती उभी राहिली आणि कुठेच कमी पडली नाही. हिंदीतल्या पहिल्या स्त्री विनोदी कलाकारांमध्ये तिचं नाव घेतात. सुमारे दोनशे चित्रपट झाले. १९८२च्या ‘नमकहलाल’मध्ये ती आहे आणि १९९०पर्यंत ती पडद्यावर दिसत होती. २४ नोव्हेंबर २००३ रोजी मुंबईत अंधेरीला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ती गेली.

आता थोडं खरं बोलते. हे चित्रपट मी पुन्हा पाहिले, तेव्हा सगळंच हसू आलं नाही. बऱ्याच ठिकाणी लेखकाने तिच्यासाठी विनोद लिहिलेलाच नाही. ती लठ्ठ आहे, एवढाच विनोद आहे. खुर्ची मोडते, दारात अडकते, बारीक नवरा घाबरतो. पण नीट पाहिलं तर तशा प्रसंगातही तिची वेळ चुकत नाही. मान वळवायची कधी, लाजायचं किती, ओरडायचं कुठे, हे गाणाऱ्या माणसाचं तालाचं भान आहे. लिहिणाऱ्याने तिला शरीर दिलं होतं, जागा तिने स्वतः घेतल्या. त्या कामावर तिने घर चालवलं. त्याच कामामुळे भारतभर प्रत्येक वर्गातल्या एकेका मुलीला तिचं नाव चिकटलं, हेही तितकंच खरं.

मला ते नाव कोणी दिलं हे मला पक्कं आठवतं, आणि ती व्यक्ती मेळाव्याला येणार आहे. पण लिहिता लिहिता दुसरंही आठवलं. आपल्या वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा होता. त्याला जे नाव पडलं ते मी ठेवलं होतं. माझ्यावरचं लक्ष त्याच्याकडे जावं म्हणून ठेवलं होतं. तो आजवर एकाही मेळाव्याला आलेला नाही. या वेळी त्याचा पत्ता मिळवला आणि त्याला पत्र पाठवलं आहे, त्याच्या खऱ्या नावाने. उत्तर अजून आलेलं नाही.

मेळाव्यात मला लांबून टुणटुण म्हणून हाक मारलीत तर मी वळून पाहीन, रागावणार नाही. फक्त संध्याकाळच्या कार्यक्रमात उमादेवीचं ते गाणं लावायची व्यवस्था मी केली आहे. तेवढी तीन मिनिटं सगळ्यांनी शांत बसून ऐकावं, इतकीच विनंती.