सईबाईंचें स्मरण

शिवचरित्रांत मातेचा विषय निघाला कीं सर्वांच्या मुखीं जिजाबाईंचें नांव येतें, आणि तें यथायोग्यच आहे. परंतु त्याच घरांत दुसरीही एक माता होती. नसरापुराहून वेल्ह्याकडे जातांना मार्गासनी हें गांव लागतें. तेथून एक रस्ता साखरवरून गुंजवण्यास, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशीं, पोंचतो. या वाटेनें कितीतरी लोक गडावर जातात, बालेकिल्ला चढतात, जयघोष करितात. पद्मावती माचीवर सईबाईंची म्हणून जी समाधि दाखवितात, तिच्यापाशीं त्यांतील किती जण घटकाभर थांबतात ?

सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. पिता मुधोजीराव, बंधु बजाजीराव. या घराण्याशीं भोसल्यांची सोयरीक जुनीच होती. महाराजांच्या आजीचें, म्हणजे मालोजीराजांच्या पत्नीचें, माहेरही हेंच. इ. स. १६४० मध्यें पुण्यास विवाह झाला, तेव्हां वर दहा वर्षांचा व वधू त्याहूनही लहान. सखूबाई, राणूबाई व अंबिकाबाई या तीन कन्यांच्या पाठीवर ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सखूबाई पुढें बजाजीरावांचे पुत्र महादजी यांस दिल्या. आईच्या माहेरींच लेक नांदावयास गेली.

पुत्रजन्मानंतर सईबाईंची प्रकृति ढासळली, ती पुन्हां सुधारली नाहीं. बाळास अंगावर पाजणेंही त्यांस जमेना. तेव्हां कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ पुढें आली व तिनें आपल्या दुधावर त्या बाळास वाढविलें. ता. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई राजगडावर निवर्तल्या. अफझलखान स्वराज्यावर चालून आला होता. प्रतापगडची भेट दोन महिन्यांवर आली होती. पोरका झालेला पुत्र तेव्हां सव्वादोन वर्षांचा होता. पुढें १६७४ मध्यें डोळे मिटेपर्यंत आजी जिजाबाईंनींच त्यास मातेची माया दिली.

या चरित्रांतून आम्हांस जें सांगावयाचें तें हें. कागदोपत्रीं सईबाई भेटतात त्या कोणाची तरी कन्या, कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी माता म्हणून. आपल्या घरोघरच्या स्त्रियांची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव सरकारी कागदांवर लिहिण्याचा नियम केला, तो आम्हांस योग्य वाटतो. कायद्याच्या दृष्टीनें नोंद नाहीं तेथें हक्क सिद्ध करणें कठीण, हें कोर्टाची पायरी चढलेला प्रत्येक गृहस्थ जाणतो.

परंतु कागदावर नांव चढलें म्हणजे कर्तव्य संपलें असें नव्हे. आमचे व्यापारी बंधु पाडव्यास नव्या वह्यांची पूजा करितात आणि वर्षभर पैपैचा हिशेब ठेवितात. त्यांच्याच घरांत बाळंतीण महिनेन्‌महिने झिजत असते, ताप अंगावर काढते, आणि घरचे मात्र बाळाच्या बारशाच्या गडबडींत असतात. पुढें कांहीं विपरीत घडलें, कीं दैवावर बोट ठेवून सर्व मोकळे ! सईबाईंच्या काळीं राणीवशांतही जो इलाज नव्हता, तो आज पुष्कळ ठिकाणीं तालुक्याच्या दवाखान्यांत मिळतो. म्हणून दैवाची सबब आतां चालावयाची नाहीं. अशक्त बाळंतिणीस वेळींच डॉक्टरास दाखविणें हें सासऱ्याचें व नवऱ्याचें काम आहे. तें तिच्या माहेरावर ढकलूं नये.

वाचकहो, यापुढें मुलांस घेऊन राजगडास जाल, तेव्हां त्या समाधीपाशीं जरा थांबा. सईबाई कोण होत्या तें त्यांस सांगा. कापूरहोळच्या धाराऊचेंही नांव सांगा. आणि घरीं परतल्यावर आपल्या बाळंतिणीची विचारपूस करा.