लढाई, दुष्काळ, दंगल आणि अण्णा भाऊंचा डफ

वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १ ऑगस्ट १९२० रोजी इथल्या मातंग वस्तीत भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या पोटी तुकाराम जन्मला. तेच पुढे लोकशाहीर अण्णा भाऊ झाले. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवसाची. पोरवयातच घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. तिथं हमाली केली, फेरीवाल्याचं ओझं वाहिलं, गिरणीत राबले. अक्षरं गिरवली ती कामगार वस्तीत.

दुसरं महायुद्ध पेटलं होतं. स्टालिनग्राड कुठं आणि मुंबईची चाळ कुठं! पण अण्णा भाऊंनी त्या शहराच्या झुंजीवर पोवाडा रचला. गड-किल्ल्यांच्या लढाया ऐकत आलेल्या कामगाराला तो परका वाटला नाही. लगोलग १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. तांदळाचे भाव गरिबाच्या हाताबाहेर गेले, लाखो माणसं मेली. अण्णा भाऊंनी त्यावरही पोवाडा लिहिला. भूक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९४४ ला अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं. फाळणीच्या वेळी पंजाब-दिल्लीत माणसं एकमेकांना कापत सुटली, तेव्हाही त्यांचा डफ गप्प बसला नाही.

त्यांची 'स्मशानातलं सोनं' ही कथा तर वाचून जेवण जात नाही. वारणेकाठचा भीमा मुंबईजवळच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरात बायको, लहान मुलगी. मग तो स्मशानातली राख चाळून सोनं शोधू लागतो, पुढे मढी उकरतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून मढं मिळवतो, पण त्याच मढ्याच्या जबड्यात बोटं अडकून ती कायमची जातात. बोटं गेल्यावर कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. अण्णा भाऊ भीमाला चोर ठरवत नाहीत, साधूही करत नाहीत.

१९५९ ला 'फकिरा' आली. उपाशी गावासाठी धान्य लुटणाऱ्या फकिराची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ ला तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले, त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं.

नाव सातासमुद्रापार गेलं, पैसा मात्र घरात टिकला नाही. शेवटची वर्षं हलाखीतच गेली. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत गोरेगावला ते वारले. वय अवघं ४८.