अँटीव्हायरस की सँडबॉक्स? आधी अ‍ॅलन ट्युरिंगला भेटा

लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल इन्स्टॉल केली की बँक खातं रिकामं होऊ शकतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी प्रश्न येतोच: फोनमध्ये अँटीव्हायरस असला की पुरे ना? याचं उत्तर देताना मी १९५४ साली वारलेल्या एका गणितज्ञापासून सुरुवात करतो.

अ‍ॅलन ट्युरिंग २३ जून १९१२ ला लंडनमध्ये जन्मला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आईवडील बराच काळ भारतात, आणि तो व त्याचा भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी. केंब्रिजला तो गणित शिकला. १९३६ मध्ये, आजच्यासारखा कॉम्प्युटर अस्तित्वातच नसताना, त्याने कागदावर एक यंत्र कल्पिलं आणि सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम कधी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी आधीच अचूक सांगणारी एकही पद्धत असू शकत नाही.

पुढे महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्याने जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडायला यंत्र उभारलं (पाया पोलिश गणितज्ञांनी घातला होता, हे सहसा सांगितलं जात नाही). १९५२ मध्ये त्याच देशाने त्याला समलैंगिक संबंधांसाठी दोषी ठरवलं. तुरुंग टाळायला त्याला हार्मोनचे उपचार घ्यावे लागले आणि गुप्त कामाची दारंही बंद झाली. ७ जून १९५४ ला सायनाइडने तो गेला, अवघ्या ४१ व्या वर्षी. सरकारी माफी मिळाली २०१३ मध्ये!

१९८४ मध्ये फ्रेड कोहेनने तसाच तर्क व्हायरसला लावला. समजा, कुठलंही अ‍ॅप व्हायरस आहे की नाही हे सांगणारा अचूक तपासनीस बनवला. मग लबाड अ‍ॅप त्याच तपासनीसाला स्वतःबद्दल विचारेल आणि तो म्हणेल त्याच्या बरोबर उलट वागेल. म्हणजे शंभर टक्के अचूक अँटीव्हायरस होणेच नाही.

मी छावणीतला, त्यामुळे मला गेटवरचा पहारेकरी आठवतो. त्याच्याकडे माहीत असलेल्या चोरांचे फोटो आहेत, संशयास्पद हालचालही तो ओळखतो. पण अगदी नवा, साळसूद चोर आत जाऊ शकतो. हा अँटीव्हायरस. सँडबॉक्स पाहुण्याला पारखत बसत नाही, एका बंद खोलीतच वावरू देतो. पुण्याच्या क्विक हीलने कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरसच्या जोडीला ब्राउझर सँडबॉक्सही दिला होता. मला ही जोडीच योग्य वाटते. फक्त, सँडबॉक्समध्ये पाच मिनिटं गप्प राहिलेलं अ‍ॅप सज्जनच आहे असं धरू नका. काही व्हायरस मुद्दाम वाट बघतात.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप मुळातच आपापल्या सँडबॉक्समध्ये चालतं. एकाला दुसऱ्याचा खासगी डेटा वाचता येत नाही. पण तुम्ही एसएमएसची परवानगी दिलीत की ओटीपी त्याच्या हातात, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी दिलीत तर स्क्रीनच त्याची. खोलीची किल्ली आपणच देतो. सेटिंग्जमध्ये अज्ञात अ‍ॅप्स इन्स्टॉल करण्याचा पर्याय शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण चालू असेल तर आत्ताच बंद करा.