लोम्बार्डींची न मोजली जाणारी अजिंक्यपदे

अमेरिकन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आरंभी ते न्यू जर्सीतील एका शाळेत लॅटिन व रसायनशास्त्र शिकवीत आणि मुलांचा संघही घडवीत. १९५९ मध्ये त्यांनी ग्रीन बे या लहानशा शहराच्या पॅकर्स संघाची धुरा स्वीकारली. आदल्या हंगामातील १२ सामन्यांपैकी या संघाने अवघा १ जिंकला होता! १९६० मध्ये तोच संघ अंतिम सामन्यात पोहोचला, पण हरला. त्यानंतर अंतिम सामन्यातील पराभव लोम्बार्डींच्या वाट्याला कधी आला नाही. १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ अशी ५ अजिंक्यपदे त्यांनी मिळविली. अखेरच्या दोन हंगामांत पहिले दोन सुपर बोलही जिंकले.

३ सप्टेंबर १९७० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सुपर बोलच्या करंडकाला मग त्यांचेच नाव देण्यात आले. आज संघांची थोरवी बहुधा याच करंडकांवर मोजतात. त्या हिशेबात पिट्सबर्ग व न्यू इंग्लंड प्रत्येकी ६ करंडकांसह पुढे, तर पॅकर्स ४ वर. सुपर बोलपूर्वीचा काळ धरला, आणि तो धरायलाच हवा, तर १३ अजिंक्यपदांसह पॅकर्स अग्रस्थानी येतात. करंडकांच्या मोजणीत खुद्द लोम्बार्डींची पहिली ३ अजिंक्यपदे गणली जात नाहीत.