मेरिवेदर लुइसचा हिवाळा

कोकणातील मुलास पाऊस म्हटला की ज्येष्ठ-आषाढ आठवतो. हिवाळा म्हणजे निरभ्र आकाश, दवाने भिजलेले गवत आणि पहाटेची शेकोटी, अशीच त्याची समजूत असते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाही एक किनारा आहे, की जेथे उन्हाळा बहुतेक कोरडा जातो आणि पाऊस कोसळतो तो ऐन हिवाळ्यात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेस कोलंबिया नदी प्रशांत महासागरास मिळते, तेथील हा प्रदेश होय. थंडीचे दिवस आले की समुद्रावरून ओले वारे वाहू लागतात, किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात, आणि मग आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. बर्फ क्वचितच पडते. पण दमट गारठा हाडांपर्यंत पोहोचतो. १८०५ सालचा असाच एक हिवाळा मेरिवेदर लुइस नावाच्या एका तरुण कप्तानाने तेथे काढला.

लुइसचा जन्म १८ ऑगस्ट १७७४ रोजी व्हर्जिनिया प्रांतात झाला. तो पाच वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. आई झाडपाल्याच्या औषधांची मोठी जाणकार होती. लुइसलाही रानावनात हिंडण्याचा नाद बालपणापासूनच होता. विसाव्या वर्षी तो सैन्यात शिरला आणि १८०१ साली राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याने त्यास आपला खाजगी चिटणीस नेमले. १८०३ साली अमेरिकेने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील अफाट मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र कोणी विचारले नाही! त्या मुलखातून समुद्रापर्यंत वाट शोधावी आणि वाटेत दिसतील त्या वनस्पती, प्राणी व लोक यांची नोंद करावी, ही कामगिरी जेफर्सनने लुइसवर सोपविली. लुइसने विल्यम क्लार्क या जुन्या मित्रास बरोबरीचा अधिकार देऊन सोबत घेतले, आणि मे १८०४ मध्ये ही तुकडी निघाली.

दीड वर्ष प्रवास करून नोव्हेंबर १८०५ मध्ये ती समुद्राशी येऊन पोहोचली. अंगावरचे कपडे पावसाने कुजून फाटले होते. हिवाळा कोठे काढावा, याविषयी २४ नोव्हेंबरला प्रत्येकाचे मत घेण्यात आले. त्यात क्लार्कचा गुलाम यॉर्क आणि तान्हे मूल घेऊन आलेली शोशोनी जमातीची तरुणी सॅकागाविया यांनाही विचारले गेले, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. नदीच्या दक्षिणेस, दाट झाडीत लाकडी ओंडक्यांचे एक लहानसे ठाणे उभारण्यात आले. शेजारच्या क्लॅटसप लोकांवरून त्यास फोर्ट क्लॅटसप असे नाव मिळाले.

त्या ठाण्यावरील १०६ दिवसांपैकी पावसावाचून गेले ते अवघे १२ दिवस! एल्क नावाचे, आपल्या सांबराहूनही मोठे हरिण हेच मुख्य अन्न. पण हवा उबदार व ओलसर असल्यामुळे धुरावर टांगलेले मांसही नासून जाई. पिसवांनी झोप हराम केली. नाताळच्या दिवशी सर्वांच्या वाट्यास आले ते नासके मांस, खराब झालेली सुकी मासळी आणि थोडीशी कंदमुळे. मीठ संपल्यावर काही माणसे समुद्रकाठी पाठविण्यात आली. आपल्या मिठागरांत ऊन फुकट राबते. तेथे ऊन कोठले? पाच किटल्या रात्रंदिवस चुलीवर ठेवून समुद्राचे पाणी आटवावे लागले.

अशा कोंडवाड्यात माणसाचे मन आंबून जावयाचे. लुइसच्या मनाची घडण मुळातच थोडी उदास होती. मागील कित्येक महिने त्याने रोजनिशीत फारसे लिहिलेही नव्हते. पण १ जानेवारी १८०६ रोजी त्याने पुन्हा लेखणी हाती घेतली, आणि मग तो हिवाळाभर लिहीत राहिला. बाहेर पाऊस पडत असे, शिकारी काही ना काही घेऊन येत, आणि लुइस ते मापून, तोलून, न्याहाळून वहीत उतरवी. ज्यास आपण सिटका स्प्रूस म्हणतो त्या वृक्षाच्या बुंध्याचा घेर त्याने ३६ फुटांपर्यंत नोंदविला. फेब्रुवारीत शिकाऱ्यांनी एक जखमी काँडोर गिधाड आणले, तेव्हा त्याचे पसरलेले पंख ९ फूट २ इंच भरले. त्याच महिन्यात क्लॅटसपांचा नायक कोबोवे मासे घेऊन आला. त्यांत युलाकन नावाचा एक वीतभर लांबीचा रुपेरी मासा होता. लुइसने लिहिता लिहिताच त्याचे चित्र काढले. तो मासा इतका स्निग्ध, की काठीला ओवून नुसता भाजला तरी खाण्यास दुसरे काही लागत नसे.

जानेवारीत दक्षिणेकडे एक देवमासा किनाऱ्यास लागल्याची वार्ता आली. क्लार्क काही माणसांसह निघाला, तेव्हा सॅकागावियाने हट्ट धरला, की इतक्या लांबून आपण आलो, तर महासागर आणि तो अजस्र मासा पाहिल्यावाचून राहणार नाही. तिला नेण्यात आले. तेथे पोहोचतात तो केवळ सांगाडाच उरलेला; पण तो १०५ फूट लांब होता! चरबी तेथील टिलामूक लोकांनी आधीच नेली होती. त्यांच्याकडून ३०० पौंड चरबी विकत मिळाली.

शेजाऱ्यांच्या कारागिरीचेही लुइसने बारकाईने निरीक्षण केले. देवदाराची साल व गवत यांच्या विणलेल्या त्यांच्या टोप्यांतून पावसाचे पाणी आत झिरपत नसे, जणू आपल्याकडील इरलेच. त्याने व क्लार्कने मापे देऊन तशा टोप्या करवून घेतल्या. एका लाकडातून कोरलेल्या त्यांच्या होड्या तर वीस-तीस माणसे घेऊन खवळलेल्या पाण्यातून सहज जात. या होड्यांची त्याने मनापासून वाखाणणी केली. आणि तरीही निघताना, होडी विकत मिळेना म्हणून, त्याच्या माणसांनी क्लॅटसपांची एक होडी न सांगता उचलून आणली. पूर्वी त्यांच्यापैकी काहींनी आपली सहा हरणे नेली होती, हे कारण पुढे केले गेले. पण त्याची भरपाई त्या लोकांनी अगोदरच आणून दिली होती. लुइसच्या नावास लागलेला हा डाग खराच. २०११ साली क्लार्कच्या वंशजांनी चिनूक लोकांना तशीच एक होडी अर्पण केली.

२३ मार्च १८०६ रोजी तुकडीने ते ठाणे सोडले आणि ते कोबोवेच्या स्वाधीन केले. सप्टेंबरमध्ये सेंट लुइस गावी त्यांचे मोठे स्वागत झाले. लुइसला लुइझियाना प्रांताचा गव्हर्नर नेमण्यात आले; परंतु कचेरीतील कटकटी त्यास मानवल्या नाहीत. प्रवासाचा ग्रंथ लिहिण्याचे त्याने योजिले होते, त्यातील एक ओळही छापावयास गेली नाही. ११ ऑक्टोबर १८०९ रोजी, मन अत्यंत खचलेले असताना, वाटेतील एका पथिकाश्रमात गोळ्यांच्या जखमांनी त्याचा अंत झाला. त्याचे वय त्या वेळी अवघे ३५ वर्षांचे होते.

१८१४ साली प्रवासाची हकीकत प्रसिद्ध झाली. पण पशुपक्षी व वनस्पती यांविषयीचा बहुतेक भाग तीत आला नाही. तो भाग ज्या विद्वानाकडे सोपविला होता, तोही पुढच्याच वर्षी वारला. वह्या फिलाडेल्फियातील एका विद्वत्संस्थेत पडून राहिल्या. दरम्यान स्प्रूसला व युलाकनला इतर शास्त्रज्ञांनी शास्त्रीय नावे दिली. लुइसने ते सर्व आधीच लिहून ठेवले आहे, याची कित्येकांना वार्ताही नव्हती. वह्यांचा संपूर्ण मजकूर छापून निघाला तो १९०४-०५ साली, म्हणजे त्या हिवाळ्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. काँडोर गिधाड तोवर त्या नदीकाठी दुर्मीळ झाले होते. आता तेथे ते दिसत नाही. युलाकन मात्र अजूनही हिवाळा सरताना समुद्रातून नदीत चढतो. फिलाडेल्फियातील वहीच्या एका पानावर तो तिरपा रेखाटलेला आहे, आणि लुइसच्या अक्षरांच्या ओळी त्याला वळसा घालून गेल्या आहेत.