एमी, जेसन आणि इनसीनचं मैदान

दुसऱ्या वर्षाला वर्कशॉपमध्ये माझा फिटिंगचा जॉब तिसऱ्यांदा रिजेक्ट झाला, तेव्हा रूमवर येऊन मी लायब्ररीतलं विमानांवरचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. सबमिशन टाळायला दुसरं काय करणार! त्यात एमी जॉन्सन भेटली आणि जर्नल तसंच राहिलं.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडिलांचा मासळीचा धंदा. शिक्षण बी. ए., विषय अर्थशास्त्र, म्हणजे आपल्या लाईनचा काही संबंध नाही. लंडनमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करता करता ती फ्लाइंग क्लबात जायला लागली. १९२९ च्या जुलैमध्ये वैमानिकाचं लायसन्स मिळालं. पण मला जास्त आवडलं ते पुढचं. तिने हँगरमध्ये मेकॅनिकांबरोबर हात काळे केले आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्सही काढलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली बाई.

मग डोक्यात आलं, एकटीने ऑस्ट्रेलियाला जायचं. तोवरचा तिचा सगळ्यात लांबचा पल्ला लंडन ते हल! वडिलांनी आणि लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैसे घातले आणि जुनं जिप्सी मॉथ विकत घेतलं. हे क्लबातल्या शिकाऊंचं विमान: उघडं कॉकपिट, लाकूड आणि कापड, चार सिलिंडरचं शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन. रेडिओ नाही. नाव ठेवलं जेसन, वडिलांच्या मासळीचा ट्रेडमार्क. एक जादा प्रोपेलर बाहेर बांधून घेतला.

आता इंजिन हवेत बंद पडलं तर काय? विमान दगडासारखं पडत नाही. नाक जरा खाली करून वेग राखायचा, म्हणजे ते घसरत खाली येतं. तेवढ्या वेळात वाऱ्याची दिशा आणि मोकळी जागा शोधायची. मॉथ हलकं आणि हळू उतरणारं, त्यामुळे छोटं मैदानही पुरतं. एमीला मात्र इंजिन बंद पडायच्या आधीच ठिकठिकाणी उतरावं लागलं.

५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून निघाली. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळाने विमान खाली दाबलं. वाळवंटात उतरून तिने इंजिनावर कापड टाकलं आणि वादळ ओसरेपर्यंत विमान धरून बसली. तरी सहाव्या दिवशी कराची! बर्ट हिंकलरच्या वेळेपेक्षा दोन दिवस पुढे. पुढे अलाहाबादला पोचायला पेट्रोल पुरेना, म्हणून झाशीच्या परेड ग्राउंडवर उतरली. शिपायांची पांगापांग झाली आणि पंखाला मार बसला. तो दुरुस्त करून कलकत्ता.

१३ मे ला रंगूनजवळ धो धो पाऊस. उतरायचं होतं रेसकोर्सवर, पण इनसीनच्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचं खेळाचं मैदान तिला रेसकोर्स वाटलं. मैदान संपलं आणि विमान चरात गेलं. प्रोपेलर तुटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंख फाटला. सगळं संपलंच होतं. पण पडली कुठे तर इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांच्या दारात! तिथल्या मास्तरांनी आणि पोरांनी तिच्याबरोबर कामाला हात लावला. पंखाला कापड कुठून आणायचं? पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड घेऊन कुणी शर्ट शिवले होते, ते शर्ट कामी आले. जादा प्रोपेलर चढला. १६ तारखेला जेसन पुन्हा हवेत! (आमच्या वर्कशॉपमध्ये तेवढ्या वेळात जॉबचं मटेरियलसुद्धा इश्यू होत नाही.)

हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मात्र तिथेच हुकला. २४ मे ला ती डार्विनला उतरली. जवळजवळ १८,००० किलोमीटर, एकटीने, आणि असं करणारी पहिली बाई. वय २६. मग सत्कार, बक्षिसं, वैमानिक जिम मॉलिसनशी लग्न, ते मोडणं, सगळं झालं.

दुसऱ्या महायुद्धात ती विमानं पोचवायच्या कामावर लागली. ५ जानेवारी १९४१ ला ब्लॅकपूलहून एअरस्पीड ऑक्सफर्ड घेऊन निघाली. हेही शिकाऊंचंच विमान, पण दोन इंजिनांचं. तासाभराचं काम, हवा वाईट. चार तासांनंतर ती भलतीकडे, टेम्सच्या मुखावर होती. पेट्रोल संपलं असावं असं मानतात. खाली मैदान नव्हतं, बर्फासारखं पाणी होतं. पॅराशूटने ती त्यात पडली. हॅसलमिअर जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिच्यासाठी पाण्यात उडी मारली, गारठून त्यांचाही जीव गेला. एमीचा देह सापडला नाही.

जेसन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.